नोट चालते, शर्ट चालत नाही

आपला मध्यमवर्ग दोनच फाटक्या वस्तूंना मान देतो. एक, दुकानातून मुद्दाम फाटकी म्हणून विकत आणलेली जीन्स. आणि दुसरी, दहाची नोट. बाकी जे फाटेल ते टाकून द्यायचं, असा हल्ली घरोघर शिरस्ता पडला आहे. या शिरस्त्याविरुद्ध माझी लेखी तक्रार आहे.

नोटेबद्दल मी थोडंफार अधिकाराने बोलू शकतो. मार्केट यार्डातल्या एका बँकेत गेली वीस वर्षं मी नोटा मोजतो आहे. यार्डातली नोट काय चीज असते, हे डेक्कनवरच्या शाखेत गारव्याला बसणाऱ्यांना कळायचं नाही. ती कांद्याच्या गाळ्यावर घामेजते, हळदीपाशी पिवळी होते, गुळाच्या अडतीवर चिकट होते आणि शेवटी हमालाच्या बंडीच्या खिशातून माझ्या खिडकीत येते. तोवर तिला तीन ठिकाणी चिकटपट्टी लागलेली असते. तरी तिला कोणी कचऱ्यात टाकत नाही. रिझर्व्ह बँकेनेही तिची सोय करून ठेवली आहे. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा अर्ध्याहून मोठा तुकडा शाबूत असला की पुरते पैसे. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा तुकडा ८० टक्क्यांहून मोठा असला तर पुरते, ४० ते ८० टक्के असला तर निम्मे.

आता गंमत बघा. आपली नोट ज्या कागदावर छापतात तो शंभर टक्के कापसाचा असतो. म्हणजे नोट ही नात्याने शर्टाची चुलत बहीण. ही दहा रुपयांची बहीण फाटली तर तिला चिकटपट्टी, आणि नऊशे रुपयांच्या भावाचं नुसतं बटण तुटलं तर त्याला घराबाहेर!

बरं, ते बटण शोधायलासुद्धा कुठे जावं लागत नाही. शर्टाच्या आतल्या शिवणीला कंपनीने एक जादा बटण लावून दिलेलं असतं. बिचारं आयुष्यभर राखीव खेळाडूसारखं आत बसून राहतं आणि त्याला मैदानात न उतरवताच आपण अख्खा संघ बरखास्त करतो.

‘वेळ कुठे आहे हो?’ असं आमचे एक सहकारी विचारतात. हे गृहस्थ परवा जेवणाच्या सुट्टीत चाळीस मिनिटं मोबाइलवर शर्ट निवडत होते. तो चार दिवसांनी आला, पोटावर बसेना, म्हणून परत गेला. दुसरा आला, तो खांद्यात उतरला. बटण लावायला पाच मिनिटं लागतात. माझ्या वयात सुईत दोरा ओवायची तीन धरा, आठ झाली.

मी कॉमर्सचा पदवीधर. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की यंत्राची दुरुस्ती हा चालू खर्च, आणि घसारा वर्षावर्षाला थोडा थोडा काढायचा. नट पडला म्हणून कोणी कारखानदार यंत्र भंगारात काढत नाही. आमच्या आजीने खातेवहीचं तोंड पाहिलं नव्हतं, पण घसारा तिच्याइतका चोख कोणीच काढला नसेल. लुगडं विरलं की त्याची गोधडी. धोतर विरलं की बाळाची दुपटी. उरलंसुरलं बोहारणीकडे, तेही तासभर घासाघीस करून एका पातेल्याच्या बदल्यात. जे बोहारणीनेही नाकारलं त्याचं पोतेरं. तिच्या घरात कपड्याला पेन्शन नव्हती. आपण मात्र पहिल्याच वर्षी शर्ट निर्लेखित करतो!

‘आम्ही टाकत नाही, गरिबांना देतो,’ असं यावर ठसक्यात सांगितलं जातं. माझा खरा राग इथे आहे. उसवलेलं, बटण नसलेलं, काखेत विटलेलं कापड पिशवीत कोंबायचं आणि त्याला दान म्हणायचं? गरिबाला बटणाची गरज नसते असं यांना कोणी सांगितलं? २००४ च्या त्सुनामीनंतर देशभरातून तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे असे ढीग जाऊन पडले, की ते उपसून, निवडून मार्गी लावणं हेच ‘गूंज’ संस्थेला एक मोठं काम होऊन बसलं. ज्यांचं घर समुद्राने नेलं, त्यांच्या दारात आपण आपली अडगळ नेऊन टाकली. द्यायचं तर जरूर द्या, पण टाका घालून, धुऊन, इस्त्री करून द्या.

दुसरं पालुपद म्हणजे ‘हे बायकांचं काम’. शिंपी पुरुष, रफूवाला पुरुष. पैसे मिळणार असले की सुई पुरुषाच्या हातात शोभते. तीच घरात आली की सौ.ची होते. हा कुठला न्याय?

आमच्या यार्डात, बारदानाच्या गाळ्यापुढे, एक मावशी दिवसभर दाभण आणि सुतळी घेऊन पोती शिवत बसतात. पोत्याला भोक पडलं म्हणून पोतं फेकलेलं मी वीस वर्षांत पाहिलेलं नाही. एकदा मी त्यांना विचारलं, ‘मावशी, एका पोत्याला किती वेळा शिवता?’ त्या मान वर न करता म्हणाल्या, ‘माल गळंस्तवर शिवायचं, साहेब. एवढ्याशा भोकाला पोतं टाकलं तर शेठ मलाच टाकंल.’ त्यांच्या अंगावरच्या साडीलाही पदराशी टाके होते, आणि ते आमच्या कॅश रजिस्टरातल्या ओळींपेक्षा सरळ होते.

टाक्याची लाज वाटणाऱ्यांनी जरा पॅरिसकडे बघावं, कारण फॅशन तिथूनच येते म्हणतात. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०२३ पासून कपडा दुरुस्त करून घेतला की बिलात ६ ते २५ युरो सूट मिळते. त्यासाठीचा पैसा कपडे विकणाऱ्या कंपन्यांनी भरलेल्या निधीतून येतो. बनवणाऱ्याने दुरुस्तीचाही भार उचलावा, हे मला मनापासून पटतं. कारण हल्ली काही कपडे इतके विरविरीत निघतात की टाका घातला तर टाक्याशेजारी फाटतात. तिथे सुईचा इलाज नाही. आभाळच फाटलं तर ठिगळ लावणार कुठे? पण आपले सगळेच कपडे काही आभाळ नसतात. बहुतेकांचं फक्त बटण गेलेलं असतं.

आमच्या चिरंजीवांचं म्हणणं, ‘बाबा, तीनशे रुपयांत नवा टी-शर्ट येतो!’ एका सुती टी-शर्टामागे सुमारे २७०० लिटर पाणी लागतं, असा हिशेब ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ने मांडलेला आहे. म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरात चार टी-शर्टसुद्धा बसत नाहीत. मे महिन्यात याच टँकरच्या पाळीवरून आमच्या सोसायटीत दोन घरांचं बोलणं बंद झालेलं आहे. हे ऐकून चिरंजीव थोडे वरमले, पण सुई काही उचलली नाही.

शेवटी मी घरात ठराव मांडला: ज्याचं बटण त्याने लावायचं. सौ.ने तत्काळ अनुमोदन दिलं. इतक्या तत्परतेने तिने माझा कुठलाही ठराव याआधी उचलून धरलेला नाही. चिरंजीवांनी तासभर खटपट करून पांढऱ्या शर्टाला हिरव्या दोऱ्याने बटण लावलं आणि तो घालून कॉलेजला गेले. संध्याकाळी आले ते खुशीत. तिघांनी विचारलं म्हणे, हा ब्रँड कुठे मिळतो?