सीताफळ आणि चोवीस पेन्सिली

नवरात्रात कपाट आवरताना पत्र्याची एक पेटी हाती लागली. आत चोवीस पेन्सिली, एकीलाही टोक काढलेले नाही! पेटी आमच्या कन्येची. दहावीच्या वर्षी मामाने दिलेली. इंटरमिजिएट चित्रकलेच्या परीक्षेत तिला चांगली श्रेणी मिळाली होती, दहावीला त्याचे वाढीव गुणही मिळणार होते. “गुण मिळाले ना? मग आता चित्रं पुरेत,” असे मी म्हटल्याचे मला स्वच्छ आठवते. कवितेवर पोट भरणाऱ्या माणसाने असे म्हणावे! कन्या आता इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात असते.

का कोण जाणे, मी पेन्सिलींना टोके काढली.

या जलरंगी पेन्सिली. साध्या रंगीत पेन्सिलीत रंगाची पूड मेणात बांधलेली असते. हिच्यात ती पाण्यात विरघळणाऱ्या द्रव्यात असते. ओला कुंचला फिरवला की रेघेचा रंग होतो. स्वित्झर्लंडच्या ‘कारान दाश’ कारखान्याने अशा पेन्सिली १९३१ साली आणल्या. त्याच साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाई करायला घेतली, तीच पुढे ‘कॅम्लिन’ झाली. ‘कारान दाश’ हा रशियन भाषेतला ‘पेन्सिल’ या अर्थाचा शब्द. त्याचे मूळ तुर्की ‘काळा दगड’ असे मानतात. असो. मराठीच्या मास्तराला व्युत्पत्ती सापडली की चित्र राहून जाते.

समोर सीताफळ ठेवले. पहिले चित्र फुलस्केपवर काढले. पाणी लागताच कागद पापडासारखा फुगला! मग तीनशे ग्रॅमचा जाड कागद आणला. तरी घोटाळे संपेनात. कोरडा असताना जो हिरवा मरगळलेला दिसे, तो भिजताच असा उसळे की सीताफळाचा पोपट व्हावा. त्यातून मी पेन्सिल दाबून धरणारा. दाबून ओढलेली रेघ कितीही पाणी फिरवले तरी पुरती जात नाही, मागे राहतेच. हात हलका ठेवायला मला आठवडा लागला.

तेवढ्यात सीताफळे पिकत होती. “लवकर आटपा, हे मऊ झालंय,” असे सौभाग्यवती रोज बजावीत. मॉडेल रोज खाऊन टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी नवे मांडायचे, अशी आमची चित्रसाधना चालली.

वसुबारसेला कन्या आली. चित्र टेबलावरच होते; मी ते लपवले नाही, एवढाच माझा धीटपणा. तिने ते बराच वेळ पाहिले. पेटी पाहिली, टोके पाहिली. मला काहीतरी बोलायचे होते. वर्गात तासभर न थांबता बोलणाऱ्या मला एक वाक्य जुळवता येईना.

“बाबा, सावलीत काळा घातलात?”

“मग काय घालायचं?”

“काळ्यानं मळकं होतं. हिरव्यावर लाल चढवायचा, अगदी हलका. थोडा निळा.” तिने लाल पेन्सिल उचलली. “सीताफळ कुठाय?”

“कालच खाल्लं,” आतून आवाज आला.

“बाबा, कोपऱ्यावरून एक आणा ना,” ती खुर्ची ओढीत म्हणाली, “जरा कच्चंच आणा.”

मी पिशवीही न घेता जिना उतरलो.