तापाच्या नोंदीत प्रवासाचा रकाना हवा

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
आणि राज्यातील सर्व महानगरपालिका

विषय : डेंगी, चिकुनगुन्या व झिकाच्या रुग्णांचा प्रवास नोंदवण्याबाबत

डेंगी, चिकुनगुन्या आणि झिका हे विषाणू मुख्यतः एडिस इजिप्ती डास पसरवतो. हा डास सहसा काहीशे मीटरपलीकडे जात नाही. गल्लीतल्या गल्लीत रोग डास नेतो. शहरातून शहरात तो नेतो माणूस.

डेंगीचा डास चावल्यापासून ताप यायला साधारण ४ ते १० दिवस लागतात. ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच रुग्णाकडून डासाला विषाणू मिळू शकतो. अनेकांना तर लक्षणेच दिसत नाहीत. त्यामुळे स्थानकावर ताप मोजून हा प्रसार थांबत नाही.

२००७ साली इटलीच्या रावेन्ना प्रांतात चिकुनगुन्याचे २०० हून अधिक रुग्ण झाले. चिकुनगुन्या पसरवू शकणारा टायगर डास तिथे आधीच रुळला होता. विषाणू केरळहून आलेल्या एका प्रवाशाबरोबर पोहोचला. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर गावात आढळला. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरातच रुग्ण सापडले; त्यांत अनेक गर्भवती होत्या. गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटवणाऱ्या या विषाणूबाबत उशीर महागात पडतो.

रुग्ण सापडला की त्याच्या घराभोवती कंटेनर सर्वेक्षण आणि धूरफवारणी होते. ती हवीच. पण मुंबईत निदान झालेला रुग्ण आधीचा आठवडा नाशिकला राहिला असेल, तर त्याला चावलेला डास नाशिकमध्ये असण्याची शक्यता मोठी, आणि तिथे कोणालाच खबर नसते.

म्हणून प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत मागील १४ दिवसांतील मुक्कामाची ठिकाणे असावीत. ही माहिती त्याच दिवशी संबंधित महानगरपालिकेला किंवा जिल्हा हिवताप अधिकाऱ्याला कळवावी. एसटी आगारे, रेल्वेची आवारे आणि बांधकाम मजुरांच्या वस्त्यांत आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची सर्व भांडी रिकामी करण्याचा दिवस, पाळला जावा. अळीचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो आणि भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून भांडी नुसती रिकामी न करता घासावीत. हा डास दिवसा चावतो. त्यामुळे तापाच्या पहिल्या आठवड्यात रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवण्याची सूचना प्रत्येक दवाखान्याने द्यावी.