वऱ्हाडात कुठली आली थंडी!

मागच्या डिसेंबरात एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकांनी विचारलं, "हे हाताला काय घेऊन निघालात?" पिशवीत हातमोज्यांचे चार जोड होते. म्हटलं, मामाच्या गावाला द्यायचेत, चांदूर बाजारकडे, रात्रीच्या ओलितासाठी. काका खो खो हसले. "अहो, अमरावती-अकोल्यात कुठली आली थंडी? तिथे तर बारा महिने मे!" आजूबाजूचे चार जणही हसले. मीही हसलो, कारण जिलबी पानात होती आणि लग्न आपल्याच घरचं होतं. पण तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून आज लिहूनच टाकतो. काका वाचत असतील तर राग मानू नये. (मानला तरी चालेल.)

मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या पलीकडे जातो, हे सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. त्या उन्हाने आमचं एक नुकसान केलंय. आमची थंडी कुणी मोजतच नाही. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो. स्वेटर घालून ओसरीवर बसलेल्या माणसाला दहा अंश म्हणजे मजा, शेकोटी, हुरडा. पण ज्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओले आहेत आणि ज्याला पहाटे चारपर्यंत तुषार संचाचे पाइप एका सरीतून दुसऱ्या सरीत न्यायचे आहेत, त्याचे दहा अंश वेगळे असतात.

इथे एक हुशार माणूस हटकून म्हणतो, "पण विहिरीचं, बोअरचं पाणी तर हिवाळ्यात कोमट असतं की!" असतं. पहाटे त्यातून वाफा निघताना मी स्वतः पाहिल्यात. पण थंडी त्या पाण्यात नसतेच मुळी. माठ आठवा. माठातलं पाणी कशाने गार होतं? वरचा ओलावा कोरड्या हवेत उडून जातो आणि जाताना उष्णता घेऊन जातो. आमची हवा कोकणासारखी दमट नाही, कोरडी खडखडीत आहे, म्हणून तर वऱ्हाडातला माठ एवढा छान गार होतो. पाइपमधून काढलेला ओला हात म्हणजे हिवाळ्यातल्या रात्री वाऱ्यावर ठेवलेला माठ. फरक एवढाच की माठाला बोटं नसतात.

आता दादाची गोष्ट. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. दोन एकर गहू, तीन एकर हरभरा, बाकी संत्रा. त्यांच्या फीडरवर त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. लाइन आली दीड वाजता. तीन-साडेतीनच्या सुमारास पाइपचा क्लॅम्प लावताना त्याच्या तळहाताला पत्रा लागला. त्याला कळलंच नाही! बोटं बधिर होती. त्याने पुढचे पाच पाइप जोडले, मग बॅटरीच्या उजेडात दिसलं की पाइपवर लाल ओघळ आहेत. सकाळी सात टाके पडले. मी भेटायला गेलो तर उलट मलाच समजावतोय, "हात नाई बे, लाकूड झालते. तुले काय सांगू, सवय हाये आमाले."

हा "सवय" शब्द. माझं खरं भांडण या शब्दाशी आहे. दादा म्हणतो तेव्हा ठीक आहे, तो त्याचा मान राखण्याचा शब्द आहे. पण तोच शब्द आपण गाद्यांवर बसून वापरतो तेव्हा? शेतकऱ्याला थंडीची सवय असते, उन्हाची सवय असते, विषाची सवय असते. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली. तेव्हाही सुरुवातीला असंच बोलत होते लोक, की इतकी वर्षं उघड्या हाताने फवारतातच ना. माणसं मेल्यावर मग हातमोजे, मास्क, चष्मे यांच्या गोष्टी निघाल्या. थंडीने कुणी पटकन मरत नाही, म्हणून तिच्या हातमोज्यांची गोष्ट निघतच नाही. रक्ताला सवय होत नसते हो. गारठ्यात शरीर बोटांकडचा रक्तपुरवठा आवळून घेतं आणि बोटांची जाण जाते. ते शेतकऱ्याचं असो की कलेक्टरचं.

बरं, मग दादासाठी मोजे घ्यायला निघालो आणि दुसरी फसवणूक सुरू झाली. पहिला जोड मी ऑनलाइन मागवला, वर ठळक अक्षरात "वॉटरप्रूफ", फोटोत बर्फात घसरणारा गोरा माणूस. आतून मखमली अस्तर. दादाने हातात घेऊन पाहिला, म्हणाला, "हे त सश्यासारखे मऊ हायेत." अर्ध्या तासात ससा भिजला. शिवणीतून पाणी आत गेलं, अस्तर ओलंचिंब, आणि ते वाळायला दोन दिवस. म्हणजे पुन्हा माठच, फक्त आठशे रुपयांचा. बाजारातले लोकरीचे मोजे तर घालूच नयेत. कोरड्या थंडीत मोटरसायकलवर ते उत्तम, पाण्याच्या कामात ते स्पंज होतात.

नंतर दुकानं पालथी घातली आणि जे शिकलो ते सांगतो. जाडी महत्त्वाची नाही, पाणी आत न येणं महत्त्वाचं. रबराचा किंवा नायट्राइलचा मुलामा फक्त तळव्याला असेल तर उपयोग शून्य, कारण पाठीकडून पाणी शिरतं. बोटांपासून मनगटाच्या वरपर्यंत पूर्ण बुडवून काढलेला मोजा हवा, शिवण नसलेला, लांब बाहीचा. शीतगृहात, मासळीच्या कामात वापरतात त्या मोज्यांवर युरोपच्या ईएन 511 मानकाची खूण असते, खाली तीन आकडे. पहिले दोन थंडीचे, तिसरा पाण्याचा. तिसरा शून्य असेल तर खाली ठेवून द्या, बाकी जाहिरात काहीही म्हणो. असे मोजे मिळत नसतील किंवा परवडत नसतील तर दोन थर करावेत. आत पातळ लोकरी मोजा, वर एक नंबर मोठा जाड रबरी. आतला घामाने ओला होतोच, म्हणून खिशात एक कोरडा जोड. घट्ट मोजा कधीच घेऊ नका, घट्ट मोज्यात बोटं आणखी लवकर गार पडतात. आणि शर्टाची बाही मोज्यात की मोजा बाहीत? पाइप उचलताना हात खाली असतो, तेव्हा बाही मोज्याच्या वर हवी, नाहीतर बाहीवरचं सगळं पाणी गळून मोज्यातच जमा होतं. हे मला दादाने शिकवलं, एका चुकलेल्या रात्रीनंतर.

एक गोष्ट मात्र ओरडून सांगायची आहे. हे मोजे घालून स्टार्टरला हात लावायचा नाही. रबर दिसलं की लोकांना वाटतं शॉक बसणार नाही. विजेच्या कामाचे मोजे निराळे असतात, त्यांचं भारतीय मानक निराळं आहे, आयएस 4770. ओलिताचा मोजा बाहेरून ओला, कदाचित कुठे टाचणीएवढं भोक. मोजे काढा, हात पुसा, कोरड्या फळीवर उभे राहा, मग काय ते बटण दाबा.

आणि मामी? तिच्याबद्दल तर दुकानदाराने विचारलंही नाही. सगळे मोजे पुरुषी मापाचे. मामी सकाळी दव असताना हरभऱ्याची भाजी खुडते. हरभऱ्याच्या पानावर आंब असते, आम्लच ते, आणि थंडीने फुटलेल्या बोटांच्या चिरांत ती गेली की कशी आग होते हे ज्याने खुडलंय त्यालाच ठाऊक. कापूस वेचणाऱ्या बायांचंही तेच, दवाने भिजलेली बोंडं आणि त्यांच्या टोकदार पाकळ्या. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. मोज्याने हात हळू चालला तर मोजा गेला खड्ड्यात. म्हणजे त्यांना पातळ, बोटं मोकळी चालतील असा मोजा हवा, आणि तो सात नंबरचा हवा. "बायकांसाठी" म्हणून मिळतात ते गुलाबी, भांडी घासायचे.

आता काही जण म्हणतील, मोजे कसले वाटता, दिवसा वीज मागा. मागतोच आहे! मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ची, तिचा दुसरा अवतार 2023 चा, मागेल त्याला सौर कृषीपंप 2024 ची. ज्यांच्याकडे दिवसाची लाइन आली त्यांचा हिवाळा बदलला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, शेजारच्याच शिवारात. म्हणजे इलाज माहीत आहे. मग इलाज येईपर्यंतच्या रात्री कुणाच्या? गव्हाला मुकुटमुळं फुटताना, पेरणीनंतर साधारण एकविसाव्या दिवशी, पाणी द्यावंच लागतं. गहू काही योजनेच्या पुढच्या टप्प्याची वाट पाहत नाही. मोटर मोबाइलवरून चालू करता येते म्हणून सांगणारेही भेटतात. येते ना. पण मोबाइलवरून पाइप उचलला जात नाही, दांड फुटला तर मोबाइलवरून माती पडत नाही.

आणि दिवसाच्या विजेची मागणी करणाऱ्याने मोजे मागू नयेत, हा कुठला न्याय? मोजे दिले की रात्रीची पाळी कायमची होईल अशी भीती एका मित्राने बोलून दाखवली. म्हटलं, आजवर मोजे नव्हते, तेव्हा ती कुठे संपली होती?

असो. काकांना एकदा जानेवारीत गावाला घेऊन जायचा विचार आहे. पंगत नाही, नुसतं रात्री दीड वाजता बांधावर उभं करायचं, हातात ओला पाइप देऊन.

संक्रांतीला चांदूर बाजारकडे कोणी जाणार असेल तर कळवा. पार्सल बांधून ठेवलंय, दहा नंबरचे दोन जोड दादाचे, सातचे दोन मामीचे. आतले लोकरी जोड वेगळ्या पिशवीत आहेत, ते विसरू नका.