तारपा शिकवणार कोण?

मोबाइलवर सगळं दिसतं, मग वाद्य शिकायला गुरू कशाला, असं आता आमच्या वाशिंदलाही ऐकू येतं. बासरीच्या बाबतीत हा वाद थोडाफार चालेल. तारप्याच्या बाबतीत नाही.

आदिवासींच्या नाचाला वाजणारा तारपा म्हणजे वाळवलेला दुधी, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आत बांबूच्याच पातळ जिभा आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. खरं कसब बोटांचं नाही, श्वासाचं. नाच संपेपर्यंत सूर तुटता कामा नये. गाल फुगवून हवा साठवायची, ती गालांनीच पुढे ढकलायची आणि त्याच क्षणी नाकाने नवा श्वास ओढायचा. मी पपईच्या देठाची नळी पेल्यातल्या पाण्यात धरून करून पाहिलं. बुडबुडे दर वेळी श्वास घेतानाच थांबत. शेजारी बसलेल्या जाणत्याने माझ्या गालावर दोन बोटं ठेवली आणि चूक कुठे होते ते सांगितलं. पडद्यावरचा माणूस हे कसं करणार?

स्कॉटलंडच्या बॅगपाइपमध्ये हेच काम कातड्याची पिशवी करते. वादक श्वास घेतो तेव्हा काखेतली पिशवी दाबून सूर चालू ठेवतो. तिथे उस्ताद सूर तोंडाने म्हणून दाखवत, आपल्या तबल्याच्या बोलांसारखे, आणि शिष्य ते पाठ करत. जोसेफ मॅकडोनल्ड या तरुणाने 1760 च्या सुमारास, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीसाठी हिंदुस्थानात येताना, या वादनाचं शास्त्र कागदावर उतरवलं. पुढे काही वर्षांतच तो इथेच वारला. ग्रंथ छापला गेला 1803 मध्ये. त्याचं मोल मोठं आहे, पण पिशवीवर दाब किती हवा हे आजही शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं.

'आदिवासी पोरं आपोआप शिकतात' हे वाक्य म्हणूनच मला खटकतं. आपोआप कोणी शिकत नाही. बाप, चुलता, पाड्यावरचा तारपकरी हाच गुरू असतो. आपण त्याला गुरू म्हटलं नाही, एवढंच. जव्हारच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा पिढ्यानपिढ्या तारपा वाजवणाऱ्या घरातले. त्यांना पद्मश्री जाहीर झाली 2026 मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर. त्यांच्या कलेचं मोल पाड्यांनी त्याच्या कितीतरी आधी जाणलं होतं.

वाशिंदला आगगाडी आली 1855 मध्ये. पुढे शहापूर-मुरबाडची तरणी माणसं कामाला कल्याण-मुंबईकडे जाऊ लागली आणि संध्याकाळी बापाशेजारी बसायचा वेळच आटला. म्हणून माझं मागणं साधं आहे. शहापूरच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने आश्रमशाळांत तारपकऱ्याला पाहुणा म्हणून एका दिवसापुरतं बोलावू नये. शिक्षक म्हणून वर्षभर मानधनावर नेमावं. वाद्य बनवण्यापासून शिकवायचं असेल, तर दुधीचा वेल शाळेच्या आवारात मृग लागताच लावावा लागेल.