रानातली शाळा आणि आपली पोरं



आपल्या उसाला कृष्णा-कोयनेचं पाणी लागतं. त्याच महाबळेश्वरच्या माथ्यावरून सावित्री मात्र पश्चिमेकडे उतरते आणि पोलादपूर, महाड करीत बाणकोटच्या खाडीला मिळते. हंगामाच्या आधी आम्ही आंबेनळी घाट उतरून पोलादपूरकडे गेलो होतो. तिकडं ऊस नाही; भात, नाचणी, वरी आणि डोंगर. पण तिथं जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एका ओढ्याकाठी चार-पाच पोरं खेकडे धरत होती. थोरलं असेल नऊ-दहा वर्षांचं. आम्ही विचारलं, "बाळा, बिळात खेकडा आहे हे कळतं कसं?" पोर म्हणालं, "काका, तोंडाशी माती ताजी असली की आत हाय. सुकली असली तर गेला." कोणी शिकवलं? "कोण शिकवील? बघून बघून." धाकटं पोर तर कोणाला विचारतही नव्हतं. स्वतः बघायचं, चुकायचं, पुन्हा बघायचं. पुस्तकात यालाच निरीक्षण, अनुमान आणि पडताळा म्हणतात. आपण मात्र त्याला उनाडक्या म्हणतो!

हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी पोरं शाळेत येईनात, कारण त्यांच्यामागं गुरं होती. तेव्हा बाईंनी पोरांना बोल लावला नाही. शाळाच कुरणावर नेली. म्हणून ती कुरणशाळा. गुरं चरताहेत आणि पोरं खडे, बिया, पानं, शिंपले घेऊन मोजताहेत, लावताहेत. महागडं साहित्य नाही. पोरानं आपल्या हातानं, आपल्या गतीनं शिकायचं. बाईंनी जवळ राहायचं, पण मध्ये पडायचं नाही.

कोणी म्हणेल, रानात विंचू-साप, विहिरी. पोराला सोडायचं कसं? खरं आहे. जाणतं माणूस जवळ हवंच. पण रान न ओळखणं हाही धोकाच. 22 जुलै 2021 रोजी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथं दरडी कोसळून माणसं गेली. त्या पावसापुढं कोणाचं शहाणपण पुरलं असतं, असा दावा आम्ही करीत नाही. पण जमिनीला भेग पडली, झाडं कलली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर ते ओळखून घरी सांगणारं पोर डोंगरातल्या प्रत्येक वाडीत हवं. ही नजर फळ्यावर तयार होत नाही.

आता आपल्याकडं वळू. आपली पोरं सकाळी गाडीत बसून शाळेला जातात. बापाचं दहा एकर रान, पण लागण कोणती नि खोडवा कोणता हे सांगता येत नाही. दुसरीकडं, आपल्याच फडात तोडणी टोळ्यांची पोरं दिवसभर रानात असतात. पण वाढ्यांचे भारे वाहणं हे शिक्षण नव्हे. पोरानं आपल्या मनानं हात घातला तर ते शिकणं, पोटासाठी जुंपलं तर ती मजुरी. हा फरक आपण सभासदांनी विसरता कामा नये. शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा त्यांनाही लागू आहे.

आमच्या मते दोन गोष्टी करता येतील. एक, प्रत्येक गावच्या शाळेला एका सभासदानं एक गुंठा रान द्यावं आणि कारखान्यानं बेणं पुरवावं. 33 फूट दोरीनं पोरांनीच चौकोन आखावा. 1089 चौरस फूट पाठ करावे लागणार नाहीत. 100 डोळे लावले, किती उगवले? शेकडेवारी तिथंच होईल. काय लावायचं ते पोरांनी ठरवावं. चुकली तर चुकू द्यावीत. आपलेही खोडवे वाया गेलेच की! दोन, टोळीच्या पोरांना गावच्या शाळेत आपण हाताला धरून पोचवावं, आणि सुट्टीच्या दिवशी कोप्यांजवळ दोन तास कुरणशाळा चालवावी.

खर्च फार नाही. मन लागतं. येत्या वार्षिक सभेत साखर उताऱ्याबरोबर या विषयावरही सभासदांनी बोलावं, अशी आमची विनंती आहे.