पिशवीचं लोणचं

चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या गर्भाशयात गाठी निघाल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं: मुलं झालीत, आता पिशवीचं काय लोणचं घालायचंय? आत्या म्हणते, शेजारच्या काकू म्हणतात. यंदा माझ्या आईच्या डॉक्टर मॅडमही हसत हसत हेच म्हणाल्या आणि त्यांनी ऑपरेशनची तारीख दिली. दुसरा काही उपाय आहे, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

उपाय आहे. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी गर्भाशयाच्या धमन्यांपर्यंत नेतात आणि तिथे वाळूसारखे बारीक कण सोडतात. गाठींना रक्त मिळेनासं होतं, त्या आक्रसतात. पोट कापायचं नाही, पूर्ण भूलही सहसा नाही. हे काल-परवाचंही नाही. पॅरिसच्या डॉ. राविना यांनी १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये यावर लिहिलं. ऑपरेशनमध्ये रक्त कमी जावं म्हणून ते आधी धमन्या बंद करत होते, तर कित्येक बायकांना ऑपरेशनची गरजच उरेना.

मग सांगत का नाहीत? हे काम स्त्रीरोगतज्ज्ञांचं नाही, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचं आहे. पर्याय सांगायचा म्हणजे पेशंट दुसऱ्याच्या दारात पाठवायचा, असं मला तरी दिसतं. आमच्या कंपनीतही दुसऱ्या टीमचं टूल कुणी आपणहून सुचवत नाही. पण तिथे कुणाचा अवयव जात नाही.

ही जादू नव्हे. पहिला दिवस चांगलंच दुखतं. नेदरलँड्समधल्या चाचणीत हा उपाय केलेल्या साधारण एक तृतीयांश बायकांची पिशवी दहा वर्षांत शेवटी काढावीच लागली. मूल हवं असेल तर फक्त गाठी काढणं बहुधा बरं. हे सगळं ऐकून आई ‘काढूनच टाका’ म्हणाली असती, तर मी एक शब्द बोलले नसते.

‘सही केली होती ना?’ म्हणणाऱ्यांनी समीरा कोहली खटल्याचा निकाल वाचावा. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय काढलं, आणि संमती घेतली तिच्या आईची! संमतीआधी उपलब्ध पर्याय सांगायला हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच स्पष्ट केलं आहे.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या वाचून आपण हळहळलो, आणि तो प्रश्न तिकडचा म्हणून सोडून दिला. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, पन्नाशीच्या आतल्या ज्या बायकांचं गर्भाशय काढलेलं होतं, त्यांतल्या निम्म्यांचं ते चौतिशीपर्यंतच काढलं गेलं होतं. सुमारे दोन तृतीयांश ऑपरेशनं खासगी दवाखान्यांत झाली होती. तिथे कॅन्सरची भीती घालतात, इथे लोणच्याचा विनोद करतात.

माझी मागणी एका ओळीची आहे. संमतीच्या फॉर्मवर ‘इतर कोणते उपाय सांगितले’ अशी जागा हवी. ती डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने, मराठीत भरावी, आणि तीही ऑपरेशनची तारीख देण्याआधी.