झाशीतील भाजीचे मळे: नीलगाईची भरपाई, मोकाट गाईची नाही

वन्यप्राण्यांनी केलेले पिकाचे नुकसान खरीप 2026पासून पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक आपत्ती म्हणून धरले जाईल, असे केंद्रीय कृषी मंत्रालयाने नोव्हेंबर 2025मध्ये जाहीर केले. नुकसान 72 तासांच्या आत पीक विमा ॲपवर, जागेची नोंद असलेल्या फोटोंसह कळवायचे आहे.

झाशीत खरा प्रश्न वेगळा आहे: रात्री मळ्यात शिरले कोण? नीलगाय (विदर्भातला रोही) आणि रानडुक्कर हे वन्यप्राणी. बुंदेलखंडातील ‘अन्ना’ गुरे, म्हणजे दूध आटल्यावर मोकाट सोडलेली जनावरे, वन्यप्राण्यांत मोडत नाहीत. टोमॅटोचा वाफा दोघेही सारखाच तुडवतात. त्यामुळे फोटोत पिकाबरोबर खुरांचे ठसेही घ्या. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे, हे राज्य सरकार ठरवणार आहे. विमा फक्त अधिसूचित पिकाला मिळतो, म्हणून तुमची भाजी त्या यादीत आहे का, हे पेरणीआधीच पाहा.

कुंपणाला रानटी आणि पाळीव हा भेद नसतो. मोठ्या मळ्यासाठी विम्यापेक्षा तेच आधी करावे, असे आम्हाला वाटते. उत्तर प्रदेशाने 2023मध्ये मांडलेल्या मुख्यमंत्री खेत सुरक्षा योजनेत 12 व्होल्टच्या सौर कुंपणासाठी अल्पभूधारकांना खर्चाच्या 60 टक्के, हेक्टरी 1.43 लाख रुपयांपर्यंत अनुदान प्रस्तावित होते. या कुंपणाने जनावराला झटका बसतो, पण जीव जात नाही. घरच्या विजेची तार कुंपणाला जोडणे मात्र बेकायदा आहे आणि त्यात माणसेही दगावतात. सध्या अर्ज घेतात का, हे जिल्हा कृषी कार्यालयात विचारूनच तारेची खरेदी करा.